एक्केचाळीस दिवसांचा अंक

भासाच्या 'प्रतिज्ञायौगंधरायण' नाटकाचा तिसरा अंक वाचायला अर्धा तास पुरतो. उज्जयिनीच्या प्रद्योत राजाने वत्सराज उदयनाला कैदेत टाकलं आहे. त्याची तीन विश्वासू माणसं, एक भिकाऱ्याच्या, एक वेड्याच्या आणि एक बौद्ध भिक्षूच्या वेषात, देवळात भेटतात, मोदकांवरून लटकं भांडतात आणि राजाला सोडवायची मसलत करतात. केरळातल्या देवळांत हाच अंक 'मंत्रांकम्' म्हणून होत असे, आणि तो पुरा व्हायला एक्केचाळीस दिवस लागत.

एवढे दिवस कशाला, हे कळलं की केरळातलं हे संस्कृत नाट्य, कुटियाट्टम, कळायला लागतं. पहिल्या दिवशी पात्र रंगमंचावर येतं, तेवढंच. पुढचे काही दिवस ते मागे जातं. आपण इथे कसे आलो, त्याआधी काय झालं, त्याच्याही आधी काय झालं, हे सगळं एकटा नट हातांनी आणि डोळ्यांनी सांगतो. याला निर्वहण म्हणतात. मग विदूषकाचे दिवस. बाकीची पात्रं संस्कृत आणि प्राकृत बोलतात. विदूषक मलयाळममध्ये उतरतो, श्लोकांची टिंगल करतो, चार पुरुषार्थांची खिल्ली उडवतो, आणि समोर बसलेल्या बड्या असामींना टोमणे मारतो. त्याला उलट बोलायची सोय नसे. मूळ नाटकातली पात्रं एकत्र येऊन अंक खेळतात ते शेवटच्या दिवसांत. परंपरेने आख्खं नाटक होत नाही, एका वेळी एकच अंक. संस्कृत नाटकाचं सार घेऊन ते आटोपशीर करायची आपली सवय. इथे उलट, एका श्लोकावर तासभर थांबायचं.

हे चाले देवळाच्या आवारातल्या कूत्तंबलमात. त्रिशूरच्या वडक्कुन्नाथन देवळातलं, इरिंजालकुडाच्या कूडलमाणिक्यम् देवळातलं, अशी ही खास नाट्यगृहं. लाकडी खांब, उतरतं छप्पर, समोर पितळी समई. समईला तीन वाती, दोन नटाकडे तोंड करून, एक प्रेक्षकांकडे. प्रेक्षक आले नाहीत तरी प्रयोग थांबत नसे, कारण तो मुळात देवासाठी. पुरुषभूमिका चाक्यार करत. स्त्रीभूमिका नंबियार घरांतल्या स्त्रियांच्या, म्हणजे नंग्यारांच्या. मिळावू वाजवत नंबियार. हा तांब्याचा मोठा घट, निमुळत्या तोंडावर चामडं ताणलेलं, लाकडी घोडीत बसवलेला, दोन्ही तळहातांनी वाजवायचा. मिळावूची मुंज लागते, त्याला ब्रह्मचारी मानतात, आणि निकामी झाला की त्याचे अंत्यसंस्कारही होतात.

नातीही या रंगमंचाने आपल्या पद्धतीने लावून घेतली होती. घराणी मातृवंशी. चाक्याराने नंग्यारशी लग्न केलं की मुलं नंबियार होत. म्हणजे बाप नट आणि मुलगा त्याच्यामागे मिळावूवर. अभिनय शिकायचा तो भाच्याने. एखाद्या घरात भाचा नसला की त्या घराण्याची विद्या तिथेच संपे.

परंपरा किती जुनी? दोन हजार वर्षं हा आकडा पुढे जगभर पोचला. जरा सावध राहायचं तर दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपास बोट ठेवता येतं. कुलशेखरवर्मा नावाच्या राजाने 'सुभद्राधनंजय' आणि 'तपतीसंवरण' ही नाटकं लिहिली आणि प्रयोगाची पद्धत बसवली, असं परंपरा सांगते. विदूषकाला मलयाळम बोलायला लावण्याचं श्रेय त्याच्या पदरी असलेल्या तोलन नावाच्या विद्वानाला देतात. त्यापुढची शतकं चाक्यार घराण्यांनी ताडपत्रांवर दोन प्रकारच्या वह्या राखल्या. अभिनय कसा करायचा हे सांगणारा आट्टप्रकारम्, आणि वेषभूषा, वाद्यं, विधी यांची क्रमदीपिका. त्या घराबाहेर जात नसत.

त्यांच्या या गुप्ततेची एक गंमत १९०९ साली उघडी पडली. भास नावाचा नाटककार होऊन गेला एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत त्याचं नाव घेतलं आहे. नाटकं मात्र हरवली होती. त्रावणकोरच्या महाराजांसाठी हस्तलिखितं गोळा करणाऱ्या टी. गणपतिशास्त्रींना पद्मनाभपुरमजवळच्या एका मठात मलयाळम लिपीतली ताडपत्रं सापडली. १९१२ पासून त्यांनी 'स्वप्नवासवदत्त' आणि मागोमाग इतर नाटकं छापली, सगळी मिळून तेरा. युरोपातले संस्कृत पंडित चक्रावले. पण 'अभिषेक' नाटकाचा पहिला अंक चाक्यार 'बालिवधम्' म्हणून करतच होते, तिसरा 'तोरणयुद्धम्' म्हणून. अंकांना त्यांनी स्वतंत्र नावं दिलेली, कर्त्याचं नाव कोणी विचारत नव्हतं. ही तेरा नाटकं खरंच भासाची की चाक्यारांनी रंगमंचासाठी केलेल्या आवृत्त्या, यावर पुढे बरीच शाई सांडली. तो वाद बाजूला ठेवला तरी एवढं खरं की ग्रंथालयांतून जे हरवलं होतं ते देवळाच्या आवारात समईसमोर चालू होतं.

पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगमंचावर आलं आणि मराठी संगीत नाटक उभं राहिलं. कालिदास मराठी पदांत आणायला लागला, कारण संस्कृत नाटक हे आता पोथीतलंच, असा सगळ्यांचा समज. हजारेक किलोमीटर खाली ते खेळलं जात असल्याची खबर तेव्हाच्या नाटकवाल्यांना असण्याचं कारण नव्हतं. देवळात शिरायला मिळे त्यांनाच ते दिसे, आणि केरळात तशी माणसं मूठभर होती. त्रावणकोरात सगळ्या हिंदूंना मंदिरप्रवेश मिळाला तो १९३६ च्या राजाज्ञेने. कोचीन आणि मलबारला आणखी दशकभर लागलं.

विसाव्या शतकाच्या मध्याला या कलेची अवस्था काय होती ते पैशात सांगितलेलं बरं. चाक्याराचं उत्पन्न म्हणजे ठरावीक देवळांत ठरावीक दिवशी प्रयोग करायचा वंशपरंपरागत हक्क, आणि त्याबद्दल देवळाकडून तांदूळ, थोडी दक्षिणा. देवळाचं उत्पन्न जमिनीतून येई. कुळांचे हक्क वाढत गेले आणि अखेर १ जानेवारी १९७० ला केरळात कुळवहिवाटच रद्द झाली, तेव्हा देवस्थानांचा हा आधार गेला. जमीन कसणाऱ्याला मिळाली हे न्यायाचंच झालं. पण त्या जमिनीवर एक्केचाळीस दिवसांचं नाटकही पोसलं जात होतं, त्याची तजवीज कोणी केली नव्हती. अम्मन्नूर, पैंकुळम, माणी, पोदियिल अशी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी घराणी उरली. पोरं शाळेत जायला लागली, नोकऱ्या बघायला लागली. समोर प्रेक्षक नाही, घरात धान्य नाही, आणि दहा वर्षं डोळ्यांत तूप घालून बुबुळं फिरवायला शिकायचं. कोण शिकणार?

१९४९ साली नियम मोडला. दोन माणसांच्या चरित्रांत हे साल येतं आणि पहिला कोण यावर त्यांच्या शिष्यांत अजून प्रेमळ चुरस आहे. माणी माधव चाक्यारांनी ऑल इंडिया रेडिओवर कूत्तु सादर केलं, म्हणजे विदूषकाचं एकपात्री कथन. पैंकुळम राम चाक्यारांनी ते देवळाबाहेर प्रेक्षकांसमोर केलं. आज वाचताना यात बंड दिसत नाही. माइकसमोर बसून पुराणकथा सांगणं हे काय पाप झालं? पण नियम स्पष्ट होता: समई, देऊळ, ब्राह्मणी शुद्धाशुद्ध, आणि प्रयोगाचा हक्क. विटाळ झालेला चाक्यार पुन्हा कूत्तंबलमात कसा पाऊल ठेवणार? मग पोट कशावर?

माणी माधव चाक्यार त्या वेळी पन्नाशीचे होते. डोळ्यांच्या अभिनयासाठी ते प्रसिद्ध. त्यांचा रावण कैलास उचलताना पर्वताची उंची, रुंदी, त्यावरची झाडं, सगळं फक्त बुबुळांच्या हालचालीत दिसे असं पाहणारे सांगतात. १९५५ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. आपल्या किळ्ळिक्कुरिश्शिमंगलम् गावात त्यांनी पूर्ण कुटियाट्टम देवळाबाहेर केलं. नातलग आणि जातभाई खवळले. बहिष्काराची भाषा झाली.

गाव मात्र अशा गोष्टींना सरावलेलं असावं. अठराव्या शतकातला कवी कुंचन नंबियार इथलाच. त्याची गोष्ट केरळात पोरासोरांना पाठ असते. अंबलप्पुळच्या देवळात मिळावूवर बसलेला असताना त्याला डुलकी लागली, विदूषक झालेल्या चाक्याराने भर प्रयोगात त्याची टर उडवली, आणि दुसऱ्याच दिवशी नंबियाराने शेजारीच सोप्या मलयाळममध्ये नवा प्रयोग लावून चाक्यारासमोरची सगळी माणसं ओढून नेली. तो तुळ्ळल. दंतकथाच ही, पण चाक्यारांच्या बंद दारावर लोकांनी काय उत्तर दिलं हे तिच्यात नेमकं आहे. दोनशे वर्षांनी त्याच गावात एका चाक्याराने ते दार आतून उघडलं.

यानंतर गोष्टी भराभर घडल्या. १९६२ मध्ये मद्रासला संस्कृतचे पंडित डॉ. व्ही. राघवन यांनी माणी माधव चाक्यारांच्या मंडळींना बोलावलं. केरळाबाहेरचा कुटियाट्टमचा हा पहिला प्रयोग. १९६४ मध्ये ही मंडळी उत्तरेत गेली. मागे मिळावूवर त्यांचे चिरंजीव पी. के. नारायणन नंबियार. तोवर नाट्यशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्या पंडितांना भरताने सांगितलेल्या हस्तमुद्रा, निदान त्यांचं एक जिवंत रूप, प्रथमच डोळ्यांनी दिसलं. माणी माधव चाक्यारांनी आणखी एक काम केलं जे मला प्रयोगांइतकंच महत्त्वाचं वाटतं. घराण्याच्या वह्यांत आणि अंगात जे होतं ते त्यांनी 'नाट्यकल्पद्रुमम्' या मलयाळम ग्रंथात लिहून छापलं. घराबाहेर जाऊ न दिलेली विद्या कोणालाही विकत घेता येईल अशी झाली.

पैंकुळम राम चाक्यारांनी शाळा धरली. चेरुतुरुत्तीला भारतपुळेच्या काठी असलेलं, महाकवी वळ्ळत्तोळ यांनी १९३० मध्ये काढलेलं केरळ कलामंडलम मुख्यतः कथकळीचं. १९६५ मध्ये तिथे कुटियाट्टमचा विभाग सुरू झाला आणि राम चाक्यार त्याचे गुरू झाले. वर्गात चाक्यार नसलेली मुलंही घेतली. त्यातले शिवन नंबूदिरी पुढे मोठे नट झाले. मग मुलगीही आली, नंग्यार कुळातली नसलेली. कलामंडलम गिरिजा हे नाव त्यातूनच पुढे आलं. रक्ताच्या जागी अभ्यासक्रम आला. तास, परीक्षा, विद्यावेतन.

आणि कात्रीही आली. मद्रासच्या किंवा दिल्लीच्या सभागृहात एक्केचाळीस दिवस कोण देणार? राम चाक्यारांनी निर्वहणं छाटली, फाटे काढून टाकले, एका बैठकीत दोन-तीन तासांत बसेल असे प्रयोग बांधले. जाणकार मंडळी यावर नाराज होती आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. या कलेत वेळ ही सजावट नसते. पार्वतीचा रुसवा, गंगा पाहून झालेला तिचा संताप, शंकराची लपवाछपवी हे सगळं एकट्या नटाने तासभर उलगडायचं, त्यातच तिचा प्राण. पाऊण तास कापला की कथा राहते, कुटियाट्टम पातळ होतं. पण मला राम चाक्यारांची बाजू जड वाटते. छाटलेला प्रयोग पाहून एखादं पोर शिकायला आलं तर त्याला पुढे लांब प्रयोगही शिकवता येतो. रिकाम्या कूत्तंबलमात पूर्ण लांबीने संपलेली विद्या कोणालाच शिकवता येत नाही. त्यांनी शिष्यांना दोन्ही दिलं, लांब पाठही आणि आखूड प्रयोगही. १९७० च्या दशकात कलामंडलममध्ये त्रिशूरच्या धर्तीवर नवं कूत्तंबलम उभं राहिलं, देवळाबाहेरचं पहिलं. त्याचा आराखडा डी. अप्पुकुट्टन नायर यांचा. ते पेशाने इंजिनिअर आणि तिरुवनंतपुरमच्या 'मार्गी' संस्थेचे संस्थापक. तिथे कोणत्याही जातीच्या, कोणत्याही धर्माच्या माणसाला बसता येई.

१९८० मध्ये राम चाक्यार शिष्यांना घेऊन युरोपात गेले. पॅरिसला मिलेना साल्विनी यांनी कथकळीसाठी आधीच वाट करून ठेवली होती. पोलंडमध्ये संस्कृत नाटकाचे अभ्यासक क्रिस्टोफर बिर्स्की होते. त्याच वर्षी राम चाक्यार गेले.

तिसरे मोठे नट अम्मन्नूर माधव चाक्यार. देवळाबाहेर खेळायला ते बराच काळ तयार नव्हते, आणि यात हट्टापेक्षा निष्ठा अधिक होती. कोडुंगल्लूरच्या राजघराण्यातल्या नाट्यशास्त्र जाणणाऱ्या गुरूकडून ते श्वासावरचं नियंत्रण शिकले होते. त्यांचा मरणारा वाली पाहणाऱ्यांना एकेक श्वास तुटताना मोजता येई, आणि ते मरण सहज अर्धा तास चाले. १९८२ मध्ये इरिंजालकुडाला त्यांच्या गुरूच्या, चाचू चाक्यारांच्या नावाने गुरुकुल उभं राहिलं, आणि तेही जगभर फिरले. देवळातले हक्काचे प्रयोग मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाहीत.

आता पॅरिसची गोष्ट. १८ मे २००१ ला युनेस्कोने मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशातल्या एकोणीस 'श्रेष्ठ कृतीं'ची पहिली यादी जाहीर केली. जपानचं नोह, चीनचं कुन ऑपेरा, सिसिलीचे बाहुल्यांचे खेळ, मोरोक्कोतल्या माराकेशचा जामा अल-फना चौक, आणि भारतातून एकटं कुटियाट्टम. या यादीमागची कल्पना पिकली ती त्या चौकातच. तिथे शतकानुशतकं कथेकरी, गारुडी, गायक जमतात. बाजूला वाहनतळ आणि उंच इमारती यायच्या होत्या, त्याला माराकेशमध्ये राहणारे स्पॅनिश लेखक हुआन गोइतिसोलो यांनी विरोध केला, आणि १९९७ मध्ये तिथे भरलेल्या बैठकीतून दगडामातीपलीकडच्या वारशाची ही कल्पना पुढे सरकली. पुढे परीक्षक मंडळाचे अध्यक्षही तेच. जपानने मात्र १९५० च्या कायद्यातच नटांच्या आणि कारागिरांच्या हातातली विद्या राष्ट्राची संपत्ती मानली होती, कोरियाने १९६२ मध्ये. २००१ मध्ये युनेस्कोचे प्रमुख कोइचिरो मात्सुउरा जपानीच होते.

पुढचा प्रवास कागदी आहे, थोडक्यात सांगतो. १७ ऑक्टोबर २००३ ला अमूर्त वारशाचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने तो २००५ मध्ये मान्य केला, २००६ पासून लागू झाला. जुन्या याद्यांतल्या नव्वद गोष्टी २००८ मध्ये नव्या प्रातिनिधिक यादीत गेल्या आणि 'श्रेष्ठ कृती' हा शब्द मुद्दाम गाळला गेला, कारण त्यात क्रम लावल्यासारखा वास येत होता. भारतातून वेदपठण, रामलीला, योग, कुंभमेळा, कोलकात्याची दुर्गापूजा, गरबा असं एकेक जात राहिलं. कुंभाच्या नोंदीत नाशिक आहे, एवढाच महाराष्ट्राचा त्यात नावानिशी हिस्सा.

कुटियाट्टमला यातून काय मिळालं? जपानच्या निधीतून प्रशिक्षणाला मदत आली. संगीत नाटक अकादमीने २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला कुटियाट्टम केंद्र काढलं, गुरुकुलांना अनुदानं मिळू लागली, शिकणाऱ्यांना महिन्याचे पैसे. त्याच सुमारास चित्रपट दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांनी कुटियाट्टमवर तीन तासांचा माहितीपट केला. अम्मन्नूर माधव चाक्यारांना २००२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २००८ मध्ये ते गेले. हे सगळं चांगलंच. पण शाल-श्रीफळाआधी, १९४९ पासून २००१ पर्यंत, बावन्न वर्षं ही कला जिवंत ठेवण्याचं काम ज्यांनी केलं त्यांच्या डोक्यावर कोणता करार नव्हता. होती ती बहिष्काराची धमकी. आणि युनेस्कोच्या घोषणेत परंपरेच्या पुरातनपणाचा गौरव झाला, ती टिकली मात्र नियम मोडणाऱ्यांमुळे.

नियम सगळे मोडलेले नाहीत. देवळातल्या कूत्तंबलमांत प्रयोगाचा हक्क अजून बहुतेक ठिकाणी चाक्यार-नंबियार घराण्यांचाच. कलामंडलममध्ये दहा वर्षं शिकलेल्या, परदेशात वाखाणल्या गेलेल्या नटालाही तिथे वालीचा वेष घालून उभं राहायला मिळत नाही. घराणी म्हणतात, हा धार्मिक विधी आहे, कार्यक्रम नव्हे, आणि त्यांच्या पूर्वजांनी उपाशी राहून तो चालवला. शिकलेले म्हणतात, मग आम्हाला शिकवलं कशाला? केरळात हा प्रश्न कोर्टापर्यंत जातो.

स्त्रियांचं मात्र काहीसं अनपेक्षित झालं. जुन्या प्रयोगांत नंग्यारांच्या भूमिका आक्रसत गेल्या होत्या. बऱ्याचदा नंग्यार रंगमंचाच्या कडेला बसून टाळ धरी आणि श्लोक म्हणे, नायिका असे ती फक्त तिच्याकडे पाहून बोलणाऱ्या नायकाच्या डोळ्यांत. स्त्रीचा एकटीचा प्रयोग, नंग्यारकूत्तु, श्रीकृष्णचरित सांगणारा, तो देवळातल्या विधीपुरता उरला होता. गेल्या चाळीस वर्षांत उषा नंग्यार, मार्गी सती अशा अभिनेत्रींनी त्याला भरगच्च रंगमंचीय रूप दिलं, आणि आज कुटियाट्टम शिकायला येणाऱ्यांत मुलींचा भरणा मोठा आहे. मार्गी सती नंग्यार कुळातल्या नव्हेत. कलामंडलममध्ये राम चाक्यारांच्या हाताखाली त्या शिकल्या, आणि पुढे त्यांनी रामचरिताचा नवा आट्टप्रकारम् लिहिला, कृष्णकथेला बांधलेल्या नंग्यारकूत्ताला रामकथा जोडून. सती २०१५ मध्ये गेल्या. त्यांची वही छापलेली आहे आणि मुली ती शिकतात.